नवख्याची उधारी : ‘बिनव्याजी’चे व्याज कोण भरतो?

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी महाराष्ट्रातल्या कित्येक किराणा दुकानांत गल्ल्याच्या मागे लावलेली असते. त्याच पाटीखाली बसून दुकानदार कुणाच्या तरी नावावर दोन किलो तांदूळ आणि पाव किलो शेंगदाणे मांडून ठेवत असतो. म्हणजे पाटी सगळ्यांसाठी नसते. ती अनोळखी माणसासाठी असते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती कुणी वाचायला लावत नाही.

उधारीच्या या साध्या नियमाकडे मी वळले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी होती. माझा भाचा नोकरीसाठी अमेरिकेत गेला. पुढे बायको तिकडे यायची ठरली, तेव्हा रिकाम्या घरासाठी त्याने पलंग, गादी आणि जेवणाचे टेबल पाहिले. एकूण १८०० डॉलर. दुकानाचे कार्ड घेतले तर बारा महिने व्याज नाही, असे विक्रेत्याने सांगितले. त्याने मला फोन केला. घरात हिशेबाची माणूस म्हणून मला विचारायची पद्धत आहे. “मावशी, शून्य टक्के म्हणजे शून्यच ना?” मी म्हणाले, “शून्य म्हणजे शून्यच. घे.” त्याने बँकेतून दरमहा १४० डॉलर आपोआप जातील अशी व्यवस्था केली. वर्षअखेर १२० डॉलर उरले होते, ते तेराव्या महिन्यात देऊन टाकू असा त्याचा विचार होता. तेराव्या महिन्याचे बिल आले त्यात उरलेल्या १२० डॉलरांखेरीज व्याजापोटी तीनशेहून अधिक डॉलर लावले होते. फसवणूक झाली असे वाटून कागद नीट वाचला, तर फसवणूक नव्हती. सगळे छापलेले होते. न वाचणारी मी होते. पुढचे विवेचन त्या न वाचण्याची भरपाई आहे.

उसने, उधार आणि कर्ज

मराठीने या व्यवहारासाठी तीन शब्द वेगळे ठेवले आहेत. शेजारून आणलेली वाटीभर साखर उसनी असते. ती तेवढीच परत करायची, तिला व्याज नाही. माल आज न्यायचा आणि पैसे मागाहून द्यायचे, ती उधारी. पैसाच घ्यायचा आणि तो व्याजासह फेडायचा, ते कर्ज. उसने देणारा नाते पाहतो, उधार देणारा पत पाहतो, कर्ज देणारा तारण पाहतो. दुकानातली ‘बिनव्याजी योजना’ बोलते उसनवारीच्या भाषेत, दिसते उधारीसारखी आणि तिचा करार मात्र कर्जाचा असतो. नवख्या माणसाची गफलत इथेच होते. तो भाषा ऐकतो, करार वाचत नाही.

पण त्याआधी एक प्रश्न येतो. परक्या गावात नुकत्याच आलेल्या माणसाला उधार मुळात मिळतेच कशी? आपल्याकडे याचे एक मोठे उदाहरण आहे. देश वेगळा नव्हता, पण अनोळखीपणा तोच होता.

गिरणगावचा पहिला महिना

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या काळात रत्नागिरी, सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून माणसे गिरणगावात येत राहिली. पगार महिन्याने होई आणि तोही पुढच्या महिन्यातले काही दिवस उलटल्यावर. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मुदत घालून दिली. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यापासून सात दिवसांत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत पगार द्यायचा. म्हणजे कायदा पाळला तरी एक तारखेला लागलेल्या माणसाच्या हाती पहिला पगार पडायला चाळीस दिवस जाऊ शकत. हे चाळीस दिवस तो जगे ते खानावळीच्या आणि वाण्याच्या वहीवर.

त्या वहीत नाव चढायला जामीन लागे. कुणी गाववाला, खोलीतला भाऊबंद किंवा त्याला कामावर लावणारा जॉबर शब्द टाकी. वाणी बहुधा व्याज मोजून घेत नसे. ते भावात असे, मापात असे, आणि ‘दुसऱ्या दुकानात जायचे नाही’ या न बोललेल्या अटीत असे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. संपाच्या दिवसांत याच वह्यांनी अनेक घरांत चूल पेटती ठेवली. पगार का थांबला हे वाण्याला ठाऊक असे, म्हणून तो थांबू शके. परंतु ज्याचा गाववाला नाही, ज्याची जात दुकानदाराला चालत नाही, त्याला ती वही बंदच होती. ओळखीवर चालणाऱ्या पतीच्या या दोन्ही बाजू आहेत.

वाण्याच्या वहीतून निघालेली अमेरिकन पत

अमेरिकेतली पतव्यवस्था ही बँकांनी किंवा सरकारने आखलेली काहीतरी भव्य यंत्रणा असावी, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तिचे मूळ दुकानदारांच्या वहीतच सापडते. १८३७ च्या आर्थिक कोसळणीत हात पोळलेला न्यूयॉर्कचा रेशीम व्यापारी लुईस टॅपन याने १८४१ साली ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. दूरच्या गावातला व्यापारी उधार माल मागतो, तो कसा आहे हे त्या गावातल्या वार्ताहराकडून कळवून घ्यायचे, हा तिचा धंदा. या वार्ताहरांत वकील बरेच असत. तरुण वकील अब्राहम लिंकन हेही त्यांपैकी एक होते.

ही व्यापाऱ्यांची पत झाली. सामान्य गिऱ्हाइकाच्या पतीची नोंद पुढे आली. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात केटर वुलफर्ड नावाच्या किराणा दुकानदाराने तिथल्या दुकानदार संघटनेसाठी कोणते गिऱ्हाईक पैसे वेळेवर देते याची यादी केली. यादीला मागणी आहे हे पाहून त्याने १८९९ मध्ये भाऊ गाय याच्यासह अटलांटा येथे ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ सुरू केली. पुढे ही कंपनी लोकांच्या खासगी आयुष्याचीही माहिती गोळा करू लागली. त्यावर ओरड झाली, आणि १९७० साली पतनोंदींबाबतचा कायदा होऊन नागरिकाला आपल्याविषयीची नोंद जाणून घेण्याचा व चुकीला हरकत घेण्याचा हक्क मिळाला. १९७५ मध्ये कंपनीने नाव बदलले. तीच आजची इक्विफॅक्स. एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन यांच्यासह ती तिथल्या तीन मोठ्या पतनोंदणी संस्थांपैकी एक आहे.

वहीवरून निवाडा करण्याचे काम माणसाकडून गणिताकडे गेले ते अभियंता विल्यम फेअर आणि गणितज्ञ अर्ल आयझॅक यांच्यामुळे. त्यांची कंपनी १९५६ ची. सर्वसाधारण वापराचा ‘फायको’ गुणांक आला १९८९ मध्ये. तो ३०० ते ८५० यांमध्ये असतो. वेळेवर फेड केली का याला त्यात ३५ टक्के वजन आहे, मर्यादेच्या तुलनेत किती देणे आहे याला ३०, खाती किती जुनी याला १५, आणि नव्याने घेतलेली पत व पतीचे प्रकार यांना प्रत्येकी १० टक्के. पगार या हिशेबात नाही. शिक्षण नाही. भारतात फेडलेले गृहकर्जही नाही, कारण भारतातली नोंद आपोआप समुद्र ओलांडत नाही. अलीकडे काही कार्ड कंपन्या परदेशातली पतनोंद विचारात घेऊ लागल्या आहेत, पण दुकानाच्या गल्ल्यावर तो उपयोग फारसा होत नाही.

गुणांक निघण्यासाठी निदान एक खाते सहा महिने जुने असावे लागते. म्हणून विमानातून उतरलेल्या माणसाची पत वाईट नसते. ती नसतेच. गिरणगावातल्या नवख्याला चाळीस दिवस काढायचे होते, याला सहा महिने काढायचे असतात. जामीन राहायला गाववाला आहे, पण यंत्र त्याला ओळखत नाही.

पती-पत्नी एकत्र गेली तर हा पेच दोघांना सारखा नसतो. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळतो. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या जोडीदाराला कामाचा परवाना नसेल तर तो क्रमांक मिळत नाही. २०१५ पासून यांतल्या काहींना असा परवाना मिळू लागला, सगळ्यांना नाही. इथे स्वतःच्या पगारावर घर चालवलेली बाई तिकडे पतीच्या जगात अदृश्य होते. नवऱ्याच्या कार्डावर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव घालणे हा तिच्यापुढचा एक मार्ग असतो. तसे केल्यास बहुतेक मोठ्या बँकांची ती नोंद तिच्याही नावे दिसू लागते. आयकर खात्याकडून करदाता क्रमांक मिळवला तर काही बँका त्यावरही खाते आणि कार्ड देतात.

कायदा काय म्हणतो? समान पतसंधीचा कायदा १९७४ चा. त्याने आधी लिंग आणि वैवाहिक स्थिती यांवरून पत नाकारण्यास मनाई केली. १९७६ च्या दुरुस्तीने वंश, वर्ण, धर्म, मूळ देश आणि वय यांची भर घातली. वाण्याच्या वहीपेक्षा ही वही इथे निश्चितच पुढे आहे. मात्र मूळ देशावरून नाकारता येत नसले तरी अर्जदाराची व्हिसाची स्थिती विचारात घेण्याची मुभा पत देणाऱ्याला आहे. आणि अर्ज नाकारला तर त्याचे कारण जाणून घेण्याचा हक्क अर्जदाराला आहे. हा हक्क नवखे लोक क्वचितच वापरतात. कारण मागितले की पुढे काय दुरुस्त करायचे ते समजते.

एका ‘जर’ची किंमत

आता मूळ प्रश्नाकडे. दुकानाचे कार्ड बँकेच्या साध्या कार्डापेक्षा सहसा लवकर मिळते, कारण त्याची मर्यादा लहान असते आणि ते बहुधा त्याच दुकानात चालते. बऱ्याच दुकानांत गल्ल्यावरच्या माणसाला कार्डे खपवण्याचे उद्दिष्टही दिलेले असते. कार्डावर नाव दुकानाचे असले तरी पैसे एखाद्या बँकेचे असतात.

बिनव्याजी योजना दोन जातींच्या असतात आणि त्या बाहेरून सारख्या दिसतात. पहिली खरी शून्य टक्क्यांची. ठरलेल्या मुदतीत व्याज साचतच नाही. मुदत संपली की जे उरले असेल त्यावर तिथून पुढे व्याज लागते. दुसरी ‘तहकूब व्याजाची’. हिच्यात व्याज पहिल्या दिवसापासून मोजले जाते, फक्त आकारले जात नाही. मुदतीच्या आत सगळी रक्कम फिटली तर ते सोडून देतात. एक डॉलर जरी उरला तरी पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्याज एकदम खात्यावर पडते.

भाच्याचा हिशेब सोपा करून मांडते. माल १८०० डॉलरचा, व्याजदर वर्षाला ३० टक्के, म्हणजे महिन्याला अडीच. दुकानाच्या कार्डांचे दर अलीकडे साधारण याच आसपास आहेत. दरमहा १४० डॉलर भरले, तर बारा महिन्यांच्या सुरुवातीच्या शिलका १८००, १६६०, १५२० अशा उतरत जातात. त्यांची बेरीज १२,३६०. तिचे अडीच टक्के म्हणजे ३०९ डॉलर, तेही चक्रवाढ न धरता. खरी शून्य टक्क्यांची योजना असती तर तेराव्या महिन्यात उरलेल्या १२० डॉलरांवर फक्त ३ डॉलर व्याज लागले असते. मासिक हप्ता १४० ऐवजी १५० असता तर दुसऱ्या योजनेतही काहीच लागले नसते. महिन्याला दहा डॉलरांचा फरक आणि ३०९ डॉलरांचा दंड.

कागदावर या दोन योजना ओळखायची खूण आहे आणि ती कायद्याने घालायला लावलेली आहे. तहकूब व्याजाच्या जाहिरातीत ‘व्याज नाही’ या शब्दांना लागूनच ‘पूर्ण फेडल्यास’ अशा अर्थाचे शब्द छापावे लागतात. सारा व्यवहार त्या ‘जर’वर उभा असतो. कोणत्या तारखेपर्यंत सगळे फेडायचे ती तारीखही दरमहाच्या बिलावर द्यावी लागते. भाच्याच्या बाराही बिलांवर ती होती. पैसे आपोआप जात होते, म्हणून त्याने एकही बिल उघडले नव्हते.

आणखी एक बारकावा. बिलावर ठळक दिसते ती किमान रक्कम. ती भरत राहिले की खाते नियमित राहते, पण तेवढ्याने माल मुदतीत फिटेलच असे नाही. बहुधा फिटत नाही. त्याच कार्डावर दुसरी वस्तू साध्या दराने घेतली तर किमान रकमेच्या वर भरलेला पैसा आधी जास्त दराच्या देण्याकडे वळतो. २००९ च्या कार्डविषयक कायद्यामुळे मुदतीच्या शेवटच्या दोन बिलांत तो आधी तहकूब व्याजाच्या देण्याकडे वळवावा लागतो. तोवर पहिली वस्तू तशीच राहिलेली असते.

मग व्याज भरतो कोण?

व्याज नसलेला पैसा नसतो. भारतात रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांवर बोट ठेवले तेव्हा तिचे म्हणणे हेच होते, की शून्य टक्के व्याज असे काही मुळात नसतेच. ते कुठेतरी दडवलेले असते. अमेरिकेतल्या दुकानांत ते तीन ठिकाणी असते. दुकान विक्रीतला काही भाग बँकेला देते. तो खर्च वस्तूच्या किमतीत शिरतो, म्हणजे रोखीने घेणाराही तो भरतो. आणि उरलेला वाटा भरतात चुकणारी गिऱ्हाइके. जो वेळेत फेडतो त्याची बिनव्याजी उधारी, जो थोडक्यात चुकतो त्याच्या व्याजावरही चालते.

ही गोष्ट नवी नाही. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी न्यूयॉर्कच्या स्वस्त घरांच्या वसाहतींतल्या कुटुंबांची खरेदी तपासून १९६३ साली ‘द पुअर पे मोअर’ हे पुस्तक लिहिले. या कुटुंबांत प्वेर्तो रिकोहून आलेली नवखी माणसे पुष्कळ होती. मोठी दुकाने त्यांना उधार देत नसत. वस्तीतली दुकाने आणि दारावर येणारे विक्रेते देत, त्यांची भाषा बोलत, आणि भाव मात्र चढे लावत. नवख्याला नकाराची भीती इतकी असते की होकार मिळाल्यावर तो भाव विचारत नाही. माझ्या भाच्याला कार्ड मंजूर झाले तेव्हा त्याने आम्हाला पेढ्याचे चित्र पाठवले होते.

जाणाऱ्यांच्या सामानात

दिवाळीत घरी आलेली मुले जानेवारीत परत जातात, काही पहिल्यांदाच जातात. त्यांच्या पिशवीत भाजणीबरोबर चार गोष्टी घालाव्यात.

पहिली, नाव. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव कधी वडिलांच्या नावासह, कधी नुसत्या आद्याक्षराने, लग्नानंतर तिसऱ्याच रीतीने लिहिले जाते. तिकडे त्यामुळे नोंदी दोन ठिकाणी फुटू शकतात. पासपोर्टवर आहे तेच नाव बँक, घरभाडे आणि कार्ड यांवर अक्षरशः तसेच ठेवावे.

दुसरी, सुरुवात. आपलीच ठेव ठेवून मिळणारे अनामत कार्ड हा सहा महिने काढण्याचा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. त्यावर थोडीच खरेदी करून दरमहा पूर्ण फेडावी. चार हप्त्यांत पैसे फेडायच्या नव्या योजना नवख्याला चटकन मिळतात, पण त्यांची नोंद पतसंस्थांकडे जाईलच असे नाही. गरज भागते, ओळख वाढेलच याची खात्री नसते.

तिसरी, मर्यादा. २००० डॉलर मर्यादेच्या कार्डावर १८०० चा माल घेतला तर मर्यादेच्या नव्वद टक्के देणे दिसते आणि गुणांक उतरतो. पत वाढवायला घेतलेले कार्ड काही महिने पत घटवते. घर भाड्याने घ्यायचे किंवा मोटार घ्यायची असेल तर हे आधी लक्षात घ्यावे.

चौथी, भागाकार. बारा महिन्यांची मुदत असेल तर रकमेला अकराने भागावे. मुदत संपण्याची तारीख आणि शेवटच्या बिलाची तारीख एकच असेल असे नाही. १८०० भागिले अकरा म्हणजे १६४ डॉलर. हा आकडा झेपत नसेल तर तो माल आपल्याला झेपत नाही, मग योजनेत व्याज असो वा नसो.

या चारही गोष्टी त्या दिवशी फोनवर पाच मिनिटांत सांगता आल्या असत्या. भाच्याने ३०९ डॉलर भरले आणि माझ्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही. मी पैसे पाठवू का विचारले तर हसून म्हणाला, “राहू दे मावशी, उसने समज.” उशीर मात्र झाला नव्हता, आणि तिथे तेच महत्त्वाचे असते. तीस दिवसांहून अधिक चुकलेल्या हप्त्याची नोंद सात वर्षे राहते. व्याजाच्या दंडाची कुठे नोंद राहत नाही.

गिरणगावातल्या वाण्याला माणूस ठाऊक होता, म्हणून तो कधी थांबे आणि कधी हाकलून देई. आजच्या वहीला माणूस ठाऊक नाही. ती जात विचारत नाही आणि सबबही ऐकत नाही. भाच्याच्या बायकोचे नाव आता त्याच्या कार्डावर आहे. मागच्या महिन्यात तिने पहिल्यांदा स्वतःची पतनोंद मागवली. २००३ च्या कायद्याने वर्षातून एकदा ती फुकट मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. नोंदीत एकच खाते होते, आणि तिच्या नावात एक अक्षर चुकले होते. तिने लगेच हरकत नोंदवली.